टोपीवाल्याचा सिंह

ऑस्ट्रेलियातल्या ब्लॅकटाउनच्या पार्कात रोज सकाळी एक टोपीवाला माझ्या बाकावर येऊन बसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. मुलाने त्याला आफ्रिकेत सफारीला नेलं होतं. तिथली रुंद टोपी तो इथे काकाकुवे बघायलाही घालायचा. हनुवटीखालची दोरी घट्ट केली की सिंहाची गोष्ट सुरू. पहिल्या दिवशी सिंह समोरच्या झाडाइतक्या अंतरावर होता. आठवड्यात तो जीपच्या चाकापाशी आला.

मी चौथी शिकलेला, पण जुन्नरचा. आमच्याकडे बिबट्या उसातून उठून दारात येतो. त्याला बघायला कुणी विमानाचं तिकीट काढत नाही.

"अहो, उद्या तो तुमच्या मांडीवर बसेल," मी म्हणालो.

त्याने दोरी सैल केली. "खरं सांगू? पहाटे उठवलं होतं. सिंह आला तेव्हा मला झोप लागलेली. काळा चष्मा होता, म्हणून मुलाला कळलं नाही. एवढ्या हौसेने नेलं त्याने, आता काय सांगू?"

मी पोट धरून हसलो. गडी समुद्र ओलांडून डुलकी काढून आला होता.

रविवारी त्याचा मुलगा सोबत आला. "काका, बाबा सफारीचं काही बोलतात का? घरी विषय काढला की गप्प. आवडलं की नाही, कळतच नाही."

टोपीवाला बुटांकडे बघत बसला.

"बोलतात का?" मी म्हणालो. "अरे, ऐकून ऐकून तो सिंह आता मला ओळखायला लागलाय."

मुलगा खुलला. टोपीवाल्याने दोरी पुन्हा घट्ट केली आणि माझ्याकडे वळला.

"शेपटीचं राहिलंच सांगायचं तुम्हाला."