डहाणूच्या खाडीत भरतीची वाट

लढाई सुरू झाली तेव्हा माझी पोस्टिंग डहाणूला होती. मी नौदलात पेटी ऑफिसर होतो. बंदराजवळ भाड्याच्या खोलीत आम्ही चार जण, एक रेडिओ सेट आणि एक रबरी बोट. समुद्रावर नजर ठेवायची, जहाजांचे संदेश घ्यायचे, एवढंच काम. मासेमारी बंद होती. बोटी खाडीत उभ्या होत्या.

त्या दिवशी रबरी बोट दोन जवानांना घेऊन झाईकडे गस्तीवर गेली होती. जेवणाआधी दणका झाला. खिडकीच्या काचा हादरल्या. क्षितिजाजवळ काळा धूर दिसला आणि सेट बोलू लागला.

बोलणारा लीडिंग सीमन रमेश वरठा, आमच्या रसद जहाजाचा रेडिओ ऑपरेटर. तलासरीकडच्या एका पाड्यावरचा.

"सर, सुरुंग लागला. इंजिन रूममध्ये पाणी. लाइफ राफ्ट जळाले. ओव्हर."

"किती जण आहात?"

"वर नऊ. खाली दोघं. दार ठोकतायत. उघडत नाही."

मी मुंबईला कळवलं. उत्तर आलं, हेलिकॉप्टर दुसऱ्या कामावर आहे, स्थानिक मदत घ्या. रबरी बोटीला वळायला सांगितलं आणि खाडीकडे धावलो. मच्छीमार कमळाकर तांडेल आपल्या बोटीपाशीच होते. बोट चिखलात कलंडली होती.

"साहेब, पाणी उतरलंय. भरती लागल्याशिवाय हलणार नाय."

"ओढून बघू."

दोर बांधले. खलाशी, मासळीवाल्या बायका, रिक्षावाले, सगळे चिखलात उतरले. बोट हातभर सरकली आणि पुन्हा रुतली. दोन वल्ह्याच्या होड्या निघाल्या. खाडीच्या तोंडाशी लाटांनी त्या उलटवल्या. माणसं पोहत परत आली.

मी सेटवर गेलो. आहे ते सांगितलं.

"रमेश, ओहोटी आहे. भरती लागली की येतो. रबरी बोट निघालीय."



"समजलं, सर. आम्ही थांबतो. खालचं ठोकणं थांबलंय."

त्यानंतर मी सेटवर हाका मारत राहिलो. खिडकीतून दिसणारा धूर विरळ होत गेला, मग दिसेनासा झाला. खाडीत पाणी आपल्या वेळेनेच चढलं.

रबरी बोटीने चौघांना उचललं. तांडेलांची बोट पोचली तेव्हा पाण्यावर तेल पसरलं होतं. आणखी दोघं जिवंत मिळाले. वरच्या नऊपैकी तिघं बेपत्ता होते, रमेशही त्यांत; पुढचे दिवस आम्ही किनारा धुंडाळला. रमेशचे वडील रोज वाळूत येऊन बसायचे. भात आणि नागली पिकवणारा माणूस.

"पोहता येत होतं ना त्याला?" त्यांनी एकदा विचारलं.

"येत होतं."

"मग?"

मी त्यांना रमेशचं सेटवरचं बोलणं सांगितलं, खाली अडकलेल्या दोघांचंही.

दोघं आधी सापडले, मग चिंचणीच्या बाजूला रमेश सापडला. आम्ही त्याला पाड्यावर नेलं. सलामीची तयारी झाली तेव्हा वडील माझ्याजवळ आले.

"खाली दोघं होते म्हणालास. ते गावले?"

"नाही, बाबा. जहाजाबरोबर गेले."

"त्यांचीबी नावं घे इथं."

मी मोठ्याने नावं घेतली. इंजिन मेकॅनिक सुभाष यादव. इंजिन मेकॅनिक जोसेफ कुट्टी. पाड्यावर त्यांना कुणी कधी पाहिलं नव्हतं. बसलेली माणसं उठून उभी राहिली.