साखरबाईंचा लाकडी केक

...आणि हेही लिही, की मेणबत्त्या फुंकायची टूम काही आपल्या घरातली नाही. केकवर थुंकी उडवायचं खूळ फार आधीपासूनचं आहे. म्हणे धूर वर जातो आणि मनातली इच्छा देवाला कळते. देवाला काय खोकलाच आणायचा होता? पण ठोकळ्याची प्रथा मात्र आपल्या वन्संची, त्यात वाद नाही.

वन्सं म्हणजे तुझ्या आजोबांची थोरली बहीण, माझी नणंद. बेकरीत केक सजवायच्या. सगळे त्यांना साखरबाई म्हणायचे, बोलण्यात साखर चिमूटभर नसली तरी. कागदाचा कोन वळून असं गुलाबाचं फूल काढायच्या की माशीसुद्धा फसायची. दुकानाच्या काचेच्या कपाटात एक केक कायम मांडलेला असायचा. आतून लाकडाचा ठोकळा, वरून साखरेचा लेप. दर महिन्याला जुना लेप खरवडून वन्सं नवा चढवायच्या.

एकदा काय झालं, एका बाईनं पन्नासाव्या वाढदिवसाचा केक सांगितला. ती वन्संच्या बरोबरीची, लहानपणी एकत्र खेळलेली. वन्संनी खऱ्या वयाच्या साठ मेणबत्त्या खोचून पाठवल्या. नवऱ्याला इतक्या वर्षांनी बायकोचं वय कळलं. मालकांनी निक्षून सांगितलं, आणखी एक चूक झाली की घरी बसायचं. घरी वन्संचे यजमान आधीच बसलेले होते. दोघांनी बसावं असं ते घर नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या घड्याळजींना ऐंशी वर्षं पूर्ण झाली. घरच्यांना कपाटातल्यासारखाच केक हवा होता. वन्संनी हुबेहूब केला, त्याच हातानं ठोकळ्यालाही नवा लेप दिला, आणि खोक्यात भरला तो ठोकळा! घड्याळजींचा जावई न्यायला आला. खोकं जड लागलं तशी स्वारी खूश, माल भरपूर घातलाय म्हणून.

संध्याकाळी कपाटातल्या केकवरचं एक फूल कललेलं दिसलं. वन्संनी बोट लावलं, तर बोट आत गेलं.

तो केक कवटाळून वन्सं तशाच धावल्या. पोचल्या तेव्हा मेणबत्त्या विझलेल्या, टाळ्या थांबलेल्या, आणि घड्याळजी दोन्ही हातांनी सुरी दाबताहेत. खट खट आवाज. पाहुण्यांत अगदी पुढे बेकरीचे मालक, चेहरा पडत चाललेला.

वन्सं धापा टाकत म्हणाल्या, "बरोबर चाललंय काका. पहिली सुरी लाकडावरच चालवायची असते. लाकूड कापलं गेलं नाही ना? मग आयुष्यही तसंच टणक. आता हा खायचा."

म्हातारा जन्मभर घड्याळं उघडत आलेला, आत काय चाललंय ते त्याला बरोबर कळायचं. वाकून हळूच विचारलं, "किती जुनी प्रथा ही, पोरी?"

वन्सं कुजबुजल्या, "मी दारातून आत आले ना, तेव्हापासूनची."

म्हातारा इतका हसला की कवळी सुटली. ती परत बसवली, ठोकळ्यावर आणखी तीन टोले हाणले आणि सगळ्यांना ऐकवलं, "आमच्या आजोबांपासून चालत आलंय हे. तुम्हाला मेल्यांना काही माहीतच नसतं."

मग काय, मालकांनीही मान डोलावली. चारचौघांत अडाणी कोण ठरणार? दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकं केकबरोबर ठोकळा मागायला लागली. मालकांनी सुताराकडून आणखी सहा करून घेतले. हात थरथरायला लागेपर्यंत वन्सं तिथंच कामाला राहिल्या. यजमान बसले होते ते बसलेलेच राहिले.

परवा तू मासिकातून वाचून दाखवलंस ना, कुणा विद्वानानं लिहिलंय, केकआधी लाकडावर सुरी चालवायची प्रथा हजार वर्षांची आणि तिचा अर्थ फार गहन, म्हणून तर तुला लिहायला बसवलं. वाचणाऱ्या बाबा, तो विद्वान तुझ्या ओळखीतला असला तर माझा एवढा निरोप दे त्याला: अर्थबिर्थ काही नव्हता, बाईला दिवसभर नवऱ्यासमोर बसायचं नव्हतं.