धारेचा दगड
ओल्या दगडावर सुरी घासली की लोखंडाचा तुरट वास येतो आणि मला मुरबाडकडच्या आमच्या गावातला तो भंडारा आठवतो. देवळामागे भाजीच्या सुऱ्यांना धार काढायला कव्हर नसलेला ग्राइंडर लावला होता. ठिणग्या थेट आचाऱ्याच्या तोंडावर उडत होत्या. वाशिंदच्या कारखान्यात आयुष्य काढलेल्या माझ्या बाबांना ते बघवेना. बौद्धवाडीतल्या आमच्या घरून त्यांनी धारेचा दगड बादलीत भिजवून आणला. "यावर लावा, डोळा जायचा नाय." देवळाचा कारभारी हसला. "तुमचा तांदूळ घेतला ना रे आमी? तो कोरडा व्हता. तुमच्या पाण्यातला दगड परसादाला कसा चालंल?" मी ओरडलो, "बाबा, चला घरी! जाऊ दे डोळा!" बाबा म्हणाले, "डोळा आचाऱ्याचा जाईल, याचा नाय." त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलाने दगड पुसून कोरडा केला आणि पुन्हा पुढे धरला. कारभाऱ्याने तो घेतला आणि आपल्या पाण्यात बुडवला. आज मी समतेवर पानंच्या पानं लिहितो. आचाऱ्याचा डोळा वाचला हे मला कळतं, पण ते पुसणं मी अजून कुणालाच माफ केलेलं नाही, बाबांनाही नाही.