आबांची चंची

माझे वडील, आबा, वाशीच्या बाजारात माथाडी. पोती वाहणाऱ्याला कसला आलाय बीपी, असं ते छातीठोक सांगायचे. तपासणी शिबिरात बीपी निघालाच. डॉक्टरीणबाईंनी तंबाखू बंद केली.

पण हमालांच्या टोळीत कुणी हात पुढे केला की चिमूट द्यावीच लागते, नाही म्हणणं म्हणजे अपमान. म्हणून आबांनी तंबाखूची चंची तीच ठेवली आणि आत भाजलेले जवस भरले. टोळीने आधी शिव्या घातल्या, आता मागून खातात. असला हट्टी बाप माझा आहे, हे मी नेरूळच्या आमच्या सोसायटीत मुद्दाम सांगते.

परवा फेरतपासणीत चंची दिसताच डॉक्टरीणबाई भडकल्या. आबांनी त्यांच्या तळहातावर चिमूट ठेवली. बाईंनी चावून पाहिली, बीपी मोजला, मान डोलावली आणि पुन्हा हात पुढे केला.