काळ्या विंचवाची बायको

महिना होत आला. अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढत होते, तेव्हा ह्यांच्या गोदामातून मुकादमाचा फोन आला. "भाभी, जल्दी आओ," एवढंच म्हणाला. मी पोचेपर्यंत सगळं आटपलं होतं... छातीत कळ आली म्हणून हे गोण्यांच्या थप्पीला टेकून बसले, ते उठलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी आमच्या कोन गावच्या नाक्यावर बॅनर लागला, 'काळा विंचू यांस भावपूर्ण श्रद्धांजली'. खाली मुखवट्याचा फोटो. माझ्या नवऱ्याचं तोंड त्यात कुठेच नव्हतं. मला रडू यायच्या आधी राग आला.

ह्यांना कुस्तीचा नाद शेलार गावच्या तालमीतला. पण मातीतल्या कुस्तीवर घर चालेना, आणि मुंबईचा एक शेठ फ्रीस्टाइलचे शो भरवायचा. तेव्हापासून आठवडाभर गोदामात ड्युटी आणि शनिवार-रविवार रिंग. शेठने आधी ह्यांना मिशा चिकटवून सरदार तुफान केलं. ते काही चाललं नाही. मग मुखवटा चढवून खलनायक केलं, काळा विंचू, ते धो धो चाललं. उतारवयात पांढरा कोट घालून डॉक्टर डेंजरही झाले. घरात हा माणूस "मीठ हाय का?" आणि "झोपलीस?" यापलीकडे बोलायचा नाही. तिथे माइक हातात आला की हिंदीत असा बरसायचा, की मी तोंडात बोट घालायचे. एवढं बोलणं पोटात होतं, तर त्यातलं थोडं मला द्यायला काय झालं होतं? त्या तुफानाचा, त्या विंचवाचा मला हेवा वाटायचा. खरंच सांगते, सवत परवडली असती. तिच्याशी भांडता तरी येतं.

आणि सवतही होतीच म्हणा. राणी. विंचवाची बायको म्हणून झगमगीत साडी नेसून रिंगमध्ये यायची. शेठचा नियम कडक होता. जिथे शो, तिथे खलनायकाने आपल्या माणसांसोबत दिसायचं नाही, नाहीतर लोकांची भीती मोडते. त्यामुळे आमच्या भिवंडीत शो लागला की, अंगकाठीवरून कुणी ओळखेल म्हणून, हे माझ्यासोबत बाजारातसुद्धा यायचे नाहीत. एकदा शेलारच्या मैदानात मी पुढेच बसले होते. राणीने पदराने ह्यांच्या मानेवरचा घाम पुसला. शेजारची बाई म्हणाली, "जोडी झकास हाय, न्हाय?" मी उठले आणि ओरडले, "हाणा त्या विंचवाला, चांगला हाणा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर हे म्हणाले, "तुझा आवाज लय लांब जातो," आणि हसले. मी त्यांच्याशी अबोला धरला. तो त्यांना कळला की नाही, देव जाणे.

परवा राणी घरी आली. खरं नाव नसीम, नवरा कापडाच्या लूमवर कामाला. केस पिकलेत, अंगावर साधी साडी. बसली आणि रडायलाच लागली. मला तिचं रडणंही सलत होतं. माझ्या माणसासाठी हिने एवढं का रडावं? मग डोळे पुसून म्हणाली, "भाभी, एक बात पुछू? इतने साल साथ काम किया, पर मुखौटा उतरा की मेरे से एक लफ्ज नहीं बोलते थे. सीधा घर भागते थे. घरी कसे होते ओ ते?"

तिच्या डोळ्यांत जे होतं ते मी लगेच ओळखलं. इतकी वर्षं ते माझ्या डोळ्यांत होतं.

मी चहा ठेवायला उठले. तीही मागोमाग आली, म्हणाली, "तुम्ही बसा, मी करते."

आमच्या गॅसजवळच्या भिंतीवर खांद्याच्या उंचीला एक तेलकट डाग आहे. गुडघे गेल्यापासून ह्यांना मांडी घालता यायची नाही. तिथे पाठ टेकून, उभ्याने, तव्यावरची भाकरी माझ्या हातून घेऊन खायचे. बोलायचे काहीच नाहीत. शेवटची भाकरी मोडून अर्धी माझ्या तोंडाशी धरायचे, कारण माझे हात पिठाचे असायचे.

"तू पाहुणी आहेस, बाहेर बस," मी नसीमला म्हटलं, आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.