अठरा इंची रिंग

नातवासाठी बास्केटबॉलची रिंग आणली. नव्या चेंडूच्या रबराचा वास आला आणि मला सौदीतल्या जुबैलचा कामगार कॅम्प आठवला. तेलाच्या भरभराटीचे दिवस, मी पाइपलाइनवर वेल्डर. अमेरिकेचा एक निवृत्त बास्केटबॉलपटू आमच्या कॅम्पात येणार होता. सेंटर म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच गडी म्हणून पंधरा वर्षं गाजलेला, तिकडे दिग्गजांच्या यादीत नाव असलेला. रिंग अठरा इंचांची हवी असं कळलं, म्हणून मी आणि रत्नागिरीच्या इब्राहिमभाईंनी अठरा इंची पाइपाचं कडं कापून खांबाला वेल्ड केलं.

त्याचे पहिले तिन्ही चेंडू कडेला आपटून बाहेर पडले. वाळूत बसलेले आम्ही सगळे उठून उभे राहिलो. त्याने उडी मारून कडं धरलं, क्षणभर लटकला, आतून बोटं फिरवली आणि खाली उतरून हसला.

"वेल्डिंग पक्कं आहे," तो म्हणाला. "माझेच गुडघे म्हातारे झालेत."

"बघ, आपला जोड जरा हलला नाय," इब्राहिमभाई माझ्या कानात म्हणाले.

आज नातवाच्या रिंगला टेप लावला. तिचे अठरा इंच आतून मोजायचे असतात. आमच्या पाइपाचे बाहेरून होते, म्हणजे कडं आतून लहानच झालं होतं. सगळी उमर रिंगखाली काढलेल्या त्या माणसाला हे बोट लावताच कळलं असणार. तरी आमच्या देखत त्याने दोष दिला तो स्वतःच्या गुडघ्यांना.