चौथ्या बाजूची हरकत

मी पेशाने फिटर. आवाज आला की कुठेतरी नट ढिला आहे, एवढीच माझी श्रद्धा. भुताखेतांच्या गोष्टी रंगवून सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवली... म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली.

साठचं दशक सरत आलं होतं. तारापूरला वीज केंद्राचं बांधकाम चालू होतं, मी साताऱ्याहून तिथे कामाला आलो होतो. बोईसरला पत्र्याच्या खोलीत आम्ही नवरा-बायको राहायचो. सुमनला दिवस गेले तसा तिने हट्टच धरला – बाळ स्वतःच्या घरात वाढलं पाहिजे. मग चिंचणीला सुरूच्या बनाजवळ जागा घेतली.

बांधायला ग्रामपंचायतीची परवानगी हवी. कागद नंतर. आधी सरपंच आणि पंच जागेवर येणार, लगतचे शेजारी आपापल्या हद्दीवर उभे राहून मोठ्याने 'हरकत नाय' म्हणणार, मग आपण सगळ्यांना गूळ वाटायचा, अशी तिथली पद्धत. भर दुपारी तिघे शेजारी तसं म्हणाले. समुद्राकडची चौथी बाजू ओसाड होती. तिथे विचारणार कोणाला?

सुमन गूळ वाटत होती. वाटता वाटता ती त्या ओसाड कोपऱ्यात गेली, हात पुढे केला, काहीतरी बोलली आणि हसत परत आली.

"तिकडं कोणाला दिला?" सरपंचांनी विचारलं.

"त्या आजी उभ्या होत्या ना, त्यांना. घर कोणासाठी, विचारत होत्या. म्हटलं, बाळासाठी. तुम्हीही या राहायला."

मला तिथे कोणी दिसलं नव्हतं. जाऊन पाहिलं, तर वाळूत गुळाचा खडाही नव्हता. सरपंचांचा चेहरा उतरला. "तिथं आता कोणी राहत नाय, वहिनी," एवढंच ते म्हणाले. उन्हाने भास झाला असेल, असं म्हणून मी विषय उडवला.

घर झालं. मुलगी झाली. मग दुपारचा पाळणा आपोआप हलायला लागला. वारा असेल, मी म्हणायचो. एके दिवशी सुमन विहिरीवर गेली होती. पोर रडता रडता एकदम गप्प झाली म्हणून मी आत गेलो. तिचे ओठ चिकट झाले होते. बोट लावून चाखलं – गूळ. आमच्या घरात गूळ नव्हता. त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरलो. पोर हातची जाणार, हेच डोक्यात बसलं.

सरपंचांकडे धावलो. ते म्हणाले, "त्या बाजूची हरकत विचारायचीच राहिली. आता विचारून घेऊ."

पंच पुन्हा आले. चौथ्या कोपऱ्यात सरपंचांनी हात जोडले. "बाय, तुमची काय हरकत हाय?"

तेवढ्यात आमच्या पाठीमागे घराचं दार लागलं. आतली कडी पडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. आत फक्त मुलगी होती, अजून कुशीवरही न वळणारी.

मी दाराला धडका दिल्या. आत पाळणा करकरत होता, जोरात, अजून जोरात... आणि पोर रडत नव्हती. त्याचीच जास्त भीती वाटली. पहार आणली आणि दाराच्या फटीत घातली.

सुमनने मला बाजूला केलं. दाराला कपाळ टेकवून ती म्हणाली, "आजी, घर तुम्ही ठेवा. माझं लेकरू मला द्या."

करकर थांबली. कडी सरकली – सावकाश, म्हाताऱ्या माणसाच्या हाताने सरकावी तशी.

मुलगी पाळण्यात जागी होती, धडधाकट. तिला उचललं आणि निघालो. भांडीकुंडी न्यायलासुद्धा परत गेलो नाही.

पुढे पालघरला बिऱ्हाड केल्यावर त्या घराला गिऱ्हाईक मिळालं. विक्रीचं बोलायला मी सरपंचांकडे गेलो. त्यांनी चहा दिला आणि ते हळूच म्हणाले, "आमी कशी परवानगी देऊ, भाऊ? वहिनींनी चौघांदेखत देऊन टाकलं ते घर. आता तुमचं कुठं हाय?"

याचा उलगडा मला आजही झालेला नाही. त्या दिवशी तर मी वादही घातला नाही. चहा संपवला आणि गिऱ्हाइकाला नाही म्हणून सांगितलं.